दुर्बिणीचा नेम चुकतोय? माउंटचं पॉइंटिंग तपासण्याचा क्रम

माझ्या नोंदवहीत एका रात्रीच्या तीन ओळी आहेत. लक्ष्य एम १, वृषभ राशीतला क्रॅब नेब्युला. पहिल्या स्ल्यूनंतर, म्हणजे माउंटने (दुर्बीण पेलणाऱ्या आणि मोटरींनी फिरवणाऱ्या यंत्राने) दुर्बीण लक्ष्याकडे वळवल्यावर, लक्ष्यापासून अंतर २१ कला. सिंक करून (दुर्बीण खरोखर कुठे आहे हे माउंटला सांगून) पुन्हा स्ल्यू, अंतर २१ कला. पुन्हा सिंक, पुन्हा स्ल्यू, पुन्हा २१. त्याआधीच्या दोन रात्री मी क्लच (अक्ष घट्ट धरणाऱ्या मुठी) आवळत होतो, डोव्हटेलचे (दुर्बीण माउंटवर बसवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू तपासत होतो, काउंटरवेट पुढे-मागे सरकवत होतो. पण ढिलाईतून आलेली चूक दर वेळी तितकीच कशी येईल? ते तीन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा लक्षात आलं की यंत्र ठीक आहे, हिशोब चुकतोय. ताऱ्यांच्या नकाशाचा प्रोग्राम २००० सालचे निर्देशांक पाठवत होता आणि छायाचित्रणाचा प्रोग्राम आजच्या निर्देशांकांवर सिंक करत होता.

म्हणून या लेखात स्क्रू ड्रायव्हर बराच उशिरा येईल. नेम चुकला की आधी दोनच प्रश्न विचारायचे: किती चुकला, आणि कोणत्या दिशेला? या दोन उत्तरांवरून दोष घड्याळात आहे, सेटिंगमध्ये आहे की लोखंडात, हे बहुतेक वेळा अंगणात उभ्या-उभ्याच कळतं.

थोडी भाषा आधी जुळवून घेऊ. एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला. पूर्ण चंद्राचं बिंब साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० कला. आकाशातली पूर्व-पश्चिम जागा म्हणजे विषुवांश, उत्तर-दक्षिण जागा म्हणजे क्रांती. आकाश दर ४ मिनिटांना १ अंश सरकतं, म्हणजे सेकंदाला १५ विकला. हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवा, पुढे तो पुन:पुन्हा लागणार आहे. बाकी सगळं मी जर्मन इक्वेटोरियल माउंट (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो), एक कॅमेरा आणि प्लेट सॉल्व्हिंग करणारा, म्हणजे छायाचित्रातल्या ताऱ्यांवरून दुर्बीण नेमकी कुठे बघतेय हे काढणारा, प्रोग्राम हे गृहीत धरून लिहितोय.

आधी ठरवा, किती अचूक हवं

सेन्सरची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला ५७.३ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा. उत्तर अंशांत येतं, तेवढं आकाश तुमच्या चौकटीत मावतं. २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा सेन्सर ६०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर लावला तर सुमारे २.२ बाय १.५ अंश. तोच सेन्सर २००० मिलिमीटरवर लावला तर जेमतेम ४० बाय २७ कला. आता माझी २१ कलांची चूक या दोन चौकटींत ठेवून बघा. पहिल्या दुर्बिणीत एम १ कडेला सरकलेला, पण दिसतो. दुसऱ्या दुर्बिणीत चौकटीच्या अगदी काठावर किंवा बाहेर. माउंट तोच, चूक तीच.

नवीन लोक बऱ्याचदा पहिल्याच स्ल्यूत वस्तू बरोबर मध्यावर यायला हवी म्हणून जीव टाकतात. प्लेट सॉल्व्हिंग असताना त्याची गरज नाही. पहिला स्ल्यू १० कलांच्या आत पडला तरी माझ्या मते तो उत्तम आहे, कारण पुढची दुरुस्ती सॉफ्टवेअर करणारच. महत्त्वाचं आहे ते सातत्य: त्याच ताऱ्याकडे दहा वेळा गेलं तर दहाही वेळा तिथेच जाता यायला हवं. सातत्य असेल तर उरलेली चूक गणिताने काढता येते. सातत्य नसेल तर कुठलंही गणित उपयोगाचं नाही.

चूक मोजायची कशी

गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत बारीक दुरुस्त्या देणं) बंद ठेवा. माउंटमध्ये आधीचं पॉइंटिंग मॉडेल (नेमाच्या चुकांचा साठवलेला हिशोब) किंवा जुन्या सिंकच्या नोंदी साठलेल्या असतील तर त्या पुसून टाका. मग होम पोझिशनपासून (माउंटच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागेपासून) सुरुवात करून एकदाच सिंक करा. ते कुठे करायचं हेही महत्त्वाचं आहे: याम्योत्तर वृत्तापासून (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेपासून) तासाभराच्या अंतरावर, ० ते ३० अंश क्रांतीच्या पट्ट्यात. ध्रुवाजवळ मात्र कधीही नाही.

या शेवटच्या अटीवर थोडं थांबतो, कारण अनेकांचा स्वयंचलित क्रम इथेच बिघडतो. होम पोझिशनला दुर्बीण ध्रुवाकडे रोखलेली असते. सुरुवातीलाच सॉल्व्ह करून सिंक करू, असं वाटणं साहजिक आहे. पण ध्रुवापाशी विषुवांशाच्या सगळ्या रेषा एकत्र येतात. ८९ अंश क्रांतीवर आकाशातली १ कलेची चूक विषुवांशाच्या आकड्यात सुमारे ५७ कला होते. दुर्बीण माउंटवर १ कला तिरकी बसलेली असेल आणि तुम्ही ध्रुव ताऱ्यापाशी सिंक केलंत, तर तो जवळपास एका अंशाचा खोटा फरक माउंट खरा मानतो आणि उरलेल्या सगळ्या आकाशाला लावतो. मग देवयानी दीर्घिकेकडे पाठवलेली दुर्बीण शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघत बसते. ध्रुवीय अक्ष लावण्याचं काम ध्रुवापाशी, सिंकचं काम ध्रुवापासून दूर. ही दोन कामं वेगळी ठेवा.

एक सिंक झालं की पुढे फक्त मोजायचं, दुरुस्त काहीही करायचं नाही. आकाशात पसरलेली आठ-दहा लक्ष्यं निवडा: काही पूर्वेला, काही पश्चिमेला, काही खाली, काही डोक्यावर, आणि सगळी क्षितिजापासून ३० अंशांच्या वर. प्रत्येक ठिकाणी स्ल्यू करा, थरथर थांबू द्या, ४-५ सेकंदांचं छायाचित्र घ्या, सॉल्व्ह करा. मग वहीत वेळ, लक्ष्य, दुर्बीण पिअरच्या (माउंटखालच्या खांबाच्या) कोणत्या बाजूला आहे, विषुवांशातला फरक आणि क्रांतीतला फरक लिहा.

लिहिताना एक काळजी घ्या. विषुवांशातला फरक आकाशातल्या प्रत्यक्ष अंतरात बदलायचा असेल तर त्याला क्रांतीच्या कोसाइनने गुणावं लागतं. एम १३ ची क्रांती साडेछत्तीस अंशांच्या आसपास आहे. तिथे प्रोग्रामने विषुवांशात १ मिनिट २० सेकंदांचा फरक दाखवला, तर ते झाले २० कला. गुणिले ०.८, म्हणजे आकाशात खरं अंतर १६ कला. हा गुणाकार केला नाही तर उंच क्रांतीचे आकडे उगाच भीतिदायक दिसतात आणि माणूस नसलेल्या दोषाच्या मागे लागतो.

सॉल्व्हच होत नसेल तर?

मग अजून नेमाचा प्रश्न आलेलाच नाही. प्लेट सॉल्व्हर छायाचित्रातले तारे शोधतो, चार-चार ताऱ्यांच्या चौकड्या करून त्यांच्या आकाराची ठेवण काढतो आणि ती आपल्या यादीशी ताडून बघतो. तारे फोकसमध्ये नसतील, पातळ ढग असतील, दुर्बिणीवरचं झाकण निघालेलं नसेल, तर ताडायला काहीच नसतं. पण सर्रास आढळणारं कारण वेगळंच आहे: प्रोग्रामला सांगितलेली फोकल लेंथ. २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये, असं केलं की एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात ते मिळतं. ३.७६ मायक्रॉन आणि ६०० मिलिमीटरला ते सुमारे १.२९ येतं. मध्ये ०.८ चा रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) बसवला की फोकल लेंथ ४८० होते आणि आकडा १.६२ वर जातो. रिड्यूसर बसवला पण सेटिंग बदललं नाही, किंवा बिनिंग २ केलं (२ बाय २ पिक्सेल एकत्र मोजले) आणि ते कळवलंच नाही, तर ॲस्टॅपसारखा जवळपास शोधणारा सॉल्व्हर हात टेकतो.

अशा वेळी ते छायाचित्र ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर काहीही माहिती न देता टाका. तिथे अंदाजाशिवाय सगळ्या आकाशात शोध होतो. उत्तरात पिक्सेलचं प्रमाणही येतं. त्यावरून खरी फोकल लेंथ काढा आणि प्रोग्राममध्ये तीच भरा. दुर्बिणीवर छापलेल्या आकड्यापेक्षा ती थोडी वेगळी निघणं नेहमीचंच आहे.

घड्याळ, जागा आणि साल

वहीत आठ-दहा ओळी जमल्या की आधी मोठे आकडे बघा.

चूक १५ अंशांची किंवा ३० अंशांची असेल, तर दुसरीकडे बघूच नका. तो टाइम झोनचा किंवा उन्हाळी वेळेच्या खुणेचा घोळ आहे. एक तास म्हणजे १५ अंश. चूक प्रचंड असेल, दुर्बीण भलत्याच दिशेला किंवा जमिनीकडे वळत असेल, तर रेखांशाच्या पूर्व-पश्चिम खुणेकडे बघा. काही प्रोग्राम पूर्वेला अधिक मानतात, काही पूर्व-पश्चिम अक्षर मागतात, आणि हँड कंट्रोलरमध्ये एक व संगणकात दुसरंच भरलेलं असतं.

चूक काही कलांची, फक्त विषुवांशात, आणि सगळ्या आकाशात विषुवांशाच्या आकड्यात तेवढीच असेल तर संगणकाचं घड्याळ तपासा. घड्याळ एक मिनिट पुढे असेल तर दुर्बीण पश्चिमेला १५ कला जास्त जाते, कारण एका मिनिटाने तारा जिथे असेल तिथे ती आत्ताच पोचते. मोकळ्या माळावर इंटरनेटशिवाय वापरलेला लॅपटॉप महिन्याभरात एवढा सहज भरकटतो. रेखांशाची चूकही अशीच दिसते: १ अंश रेखांश म्हणजे ४ मिनिटं वेळ.

इथे एक बारकावा आहे. पहिल्या सिंकने ही चूक दिसेनाशी होते, म्हणून लोक घड्याळ दुरुस्त न करताच पुढे जातात. चित्र मध्यावर येतं, सगळं छान चाललंय असं वाटतं. पण याम्योत्तर कुठे आहे याची माउंटची समजूत चुकलेलीच राहते. घड्याळ १० मिनिटं मागे असेल तर मेरिडियन फ्लिप (याम्योत्तर ओलांडल्यावर दुर्बीण पिअरच्या दुसऱ्या बाजूला उलटवणं) १० मिनिटं उशिरा होतो आणि कॅमेरा ट्रायपॉडच्या पायावर आदळायच्या बेतात येतो. म्हणून सिंक होत असलं तरी घड्याळ बरोबर लावाच.

अक्षांशाबद्दल लोक उगाच काळजी करतात. इक्वेटोरियल माउंटवर अक्षांशाचा आकडा थोडा चुकला तर नेमावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. ट्रायपॉडवरच्या अक्षाचा प्रत्यक्ष कल बरोबर हवा. आल्ट-अझिमथ माउंटवर (जे नुसतं वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतं) मात्र अक्षांश चुकला की सगळंच चुकलं.

आता माझ्या २१ कलांकडे येतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे संपातबिंदू वर्षाला सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. यालाच आपण संपातचलन म्हणतो. ताऱ्यांच्या याद्या बहुधा २००० सालच्या चौकटीत छापलेल्या असतात, तिला जे२००० म्हणतात. अनेक माउंट मात्र आजच्या तारखेची चौकट वापरतात, ती जे-नाऊ. २५ वर्षांत दोन्हींतलं अंतर २१ कला होतं. पण ते सगळीकडे सारखं नसतं. क्रांतिवृत्ताजवळच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाजवळच्या) वस्तूंना पूर्ण फरक पडतो. एम १ अगदी क्रांतिवृत्ताला लागून आहे, म्हणून त्याला पुरे २१. स्वरमंडलातला एम ५७ क्रांतिवृत्तापासून बराच दूर आहे, त्याला तेवढ्याच काळात साधारण १२ कला. म्हणजे दोन चौकटींचा गोंधळ असेल तर वेगवेगळ्या लक्ष्यांवर चूक वेगवेगळी, पण एकाच लक्ष्यावर दर प्रयत्नात अगदी तितकीच दिसते. ही ओळख मी कधी विसरत नाही.

उपाय सोपा आहे. माउंटच्या ड्रायव्हरमध्ये चौकट कोणती हे एकदा नीट बघा. छायाचित्रणाचा प्रोग्राम ॲस्कॉम किंवा इंडीमधून (माउंट आणि प्रोग्राम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ती विचारून स्वतः रूपांतर करतो. पण ड्रायव्हरने चुकीचं उत्तर दिलं, किंवा एक प्रोग्राम स्ल्यू करतोय आणि दुसरा सिंक, तर रूपांतर अर्धवट होतं. शक्यतो दोन्ही आज्ञा एकाच प्रोग्रामने द्याव्यात. ताऱ्यांचा नकाशा लक्ष्य निवडण्यापुरता ठेवा.

सिंक कुठे जातं?

सगळी माउंटं सिंकचा अर्थ सारखा लावत नाहीत. काही ठिकाणी सिंक म्हणजे साधी सरकवणूक: आत्ता तू अमुक जागी आहेस, एवढं सांगणं. काही ठिकाणी प्रत्येक सिंक एक बिंदू म्हणून यादीत जमा होतं आणि त्यांतून मॉडेल तयार होतं. रात्रभर मोजेइकची (तुकडे जोडून केलेल्या मोठ्या चित्राची) छायाचित्रं घेतली, दर पॅनेलला सिंक झालं, तर एकमेकांना खेटून डझनभर बिंदू जमतात. त्यांतला एखादा चुकीचा असला, म्हणजे ढगातून कसंबसं सॉल्व्ह झालेला किंवा फ्लिपच्या आधीचा, की त्या भागात मॉडेल वेडंवाकडं होतं. लक्षण असं: नवीन रात्री सुरुवात चांगली होते, आणि जितकं सिंक कराल तितका नेम बिघडत जातो. यादी रिकामी करून बघा. फरक लगेच कळेल.

काही माउंटं आपल्या समजुतीपासून फार दूरचं सिंक नाकारतात, तेही फारसा गाजावाजा न करता. सिंकनंतर माउंटने सांगितलेले निर्देशांक बदलले का, हे डोळ्यांनी पाहा. बदलले नसतील तर प्रोग्राममध्ये सिंक बंद करून फरकाइतकं लक्ष्य सरकवण्याचा पर्याय निवडा. बऱ्याच प्रोग्राममध्ये तो असतो आणि हट्टी माउंटांवर तोच भरवशाचा आहे.

आता लोखंडाकडे

इथवर सगळं बरोबर निघालं आणि चूक तरीही आहे, तर परतीची चाचणी घ्या. पूर्वेकडच्या एका ताऱ्यावर जा, सॉल्व्ह करा, आकडा लिहा. मग पश्चिमेकडे दूर कुठेतरी जा. परत पहिल्या ताऱ्यावर या, पुन्हा सॉल्व्ह करा. मधल्या काळात सिंक करू नका. दोन आकडे जुळले तर यंत्रात सातत्य आहे आणि चूक भूमितीची आहे. जुळले नाहीत तर काहीतरी सरकतंय.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. पूर्वेकडच्या माझ्या सगळ्या नोंदी ३-४ कलांच्या आत होत्या. पश्चिमेकडे मात्र क्रांतीतली चूक वाढत वाढत २५ कलांवर गेली. परत पूर्वेच्या पहिल्या ताऱ्यावर आलो, तर तिथेही २५ कला. म्हणजे पश्चिमेला जाताना काहीतरी घसरलं आणि घसरलेलंच राहिलं. नुसता वाक आला असता तर परत आल्यावर चूक पुन्हा ३ वर आली असती. सकाळी उजेडात तोच स्ल्यू करून बघितला. कॅमेऱ्याची यूएसबी वायर खाली लोंबत होती. दुर्बीण फिरली तसा तिचा वेढा अझिमथच्या स्क्रूच्या मुठीत अडकला, मग वायर ताणली, आणि शेवटच्या वीसेक अंशांत ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ झाली. मोटर ओढत होती, वायर सोडत नव्हती, मध्ये क्लच हळूच घसरत होता. अंधारात हे दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून सगळ्या वायरी एकत्र बांधून क्रांतीच्या अक्षाजवळून खाली आणतो आणि नवीन काही जोडलं की दिवसा एकदा चारही दिशांना फिरवून बघतो.

क्लच घसरण्याची इतर कारणं म्हणजे असमतोल आणि अर्धवट आवळलेली मूठ. समतोल साधताना सगळं सामान लावलेलं हवं: ड्यू हीटर, गाइड कॅमेरा, फिल्टर व्हील, सगळं. डोव्हटेलचा स्क्रू तापमान उतरल्यावर थोडा सैल होतो, रात्री एकदा पुन्हा हात लावून बघावा.

चूक अचानक उद्भवली, आणि दुर्बीण नेहमी लक्ष्याच्या अलीकडेच थांबत असेल, तर वीजपुरवठा बघा. स्ल्यूच्या वेळी मोटरी जास्त विद्युतप्रवाह खेचतात. वायर बारीक किंवा लांब असेल, बॅटरी उतरलेली असेल, तर १२ व्होल्टचे तेवढ्यापुरते बरेच कमी होतात आणि स्टेपर मोटर काही पावलं चुकवते. अक्षावर एन्कोडर (अक्ष किती फिरला हे मोजणारं उपकरण) नसलेल्या माउंटला हे कळत नाही, ते दिलेली पावलं मोजतं आणि पोचलो असं समजतं. स्ल्यूचा वेग निम्मा करून बघा. चूक गेली तर दोष विजेचा किंवा ताणाचा.

श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत मुख्य आरसा फोकससाठी मागे-पुढे सरकणारा असतो आणि दुर्बीण कलली की तो किंचित कलंडतो. माउंट निर्दोष असूनही चित्र काही कला सरकतं. आरशाला कुलूप असेल तर लावा आणि फोकस वेगळ्या मोटरवर घ्या.

बॅकलॅश ओळखायला तोच तारा एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून गाठा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गिअरांमधली पोकळी. पिरिऑडिक एररबद्दल, म्हणजे गिअरच्या दर फेऱ्यात पुन्हा येणाऱ्या चुकीबद्दल, इथे विचार करू नका. ती विकलांच्या घरातली गोष्ट आहे, गाइडिंगचा विषय आहे.

चुकीचा नमुना वाचणं

माझ्या आवडीचा भाग हा. इक्वेटोरियल माउंटच्या भूमितीचा प्रत्येक दोष आकाशात आपला वेगळा ठसा सोडतो. पॅट्रिक वॉलेस यांनी विकसित केलेली टीपॉइंट ही प्रणाली मोठमोठ्या वेधशाळांत वापरली जाते, ती याच तत्त्वावर चालते. आपल्याला तेवढं गणित नको, वहीतल्या दहा ओळी पुरतात.

क्रांतीतली चूक पूर्वेला एका दिशेने, पश्चिमेला उलट दिशेने आणि याम्योत्तरावर जवळजवळ शून्य असेल, तर ध्रुवीय अक्ष अझिमथमध्ये, म्हणजे डावी-उजवीकडे, चुकलाय. याउलट क्रांतीतली चूक याम्योत्तरावर सर्वांत जास्त आणि पूर्व-पश्चिमेला खाली जाताना कमी होत असेल, तर अक्षाची उंची चुकलीय. ध्रुवीय अक्ष ५ कलांनी चुकला तर क्रांतीतला नेम फार तर ५ कलांनी चुकतो, म्हणजे केवळ नेमासाठी अक्ष अगदी विकलांपर्यंत लावायची गरज नाही. गाइडिंगसाठी मात्र तो नीट लावावा: १ कला चुकलेल्या अक्षामुळे क्रांतीत तासाला १५-१६ विकलांपर्यंत घसरण होते.

दुर्बीण पिअरच्या एका बाजूला असताना चूक पूर्वेकडे, फ्लिपनंतर तेवढीच पश्चिमेकडे, असं असेल तर तो कोन एरर (इंग्रजीतला cone, म्हणजे शंकू; आपला कोन नव्हे): दुर्बीण क्रांतीच्या अक्षाशी काटकोनात बसलेली नाही. १० कलांचा कोन एरर फ्लिपच्या वेळी २० कलांची उडी दाखवतो. आकाशातल्या अंतरात तो सगळीकडे सारखा असतो, पण विषुवांशाच्या आकड्यात ध्रुवाकडे वाढत जातो. डोव्हटेलखाली पातळ पत्र्याची चकती घालून तो कमी करता येतो. ६०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर मी त्याच्या वाट्याला जात नाही, २००० वर मात्र जातो.

लक्ष्य खाली असेल तर वातावरणाचं अपवर्तन आकड्यांत डोकावतं. ३० अंश उंचीवर ते पावणेदोन कलांच्या आसपास, १० अंशांवर सव्वापाच, क्षितिजावर सुमारे ३४ कला. म्हणूनच चाचणीची लक्ष्यं वर ठेवायला सांगितली. माउंट आणि प्रोग्राम दोघंही अपवर्तनाची दुरुस्ती करत असतील तर ती दुप्पट होते, एकीकडे बंद करा.

पोचल्यानंतर लक्ष्य हळूहळू निसटत असेल, तर ट्रॅकिंगचा वेग बघा. आदल्या रात्री चंद्र टिपून वेग तसाच चांद्र राहिलेला असतो. मग तारे तासाला अर्ध्या अंशाने, म्हणजे एका चंद्रबिंबाएवढे, सरकतात.

मध्यावर आणण्याचा क्रम लावताना

स्वयंचलित क्रमात स्ल्यू, छायाचित्र, सॉल्व्ह, दुरुस्ती हे चक्र असतं. किती अंतर चालेल याची मर्यादा मी १ कला ठेवतो. १० विकला ठेवली तर बॅकलॅशमुळे चक्र कधी संपतच नाही आणि रात्रीतली अर्धी वेळ त्यातच जाते. स्ल्यूनंतर स्थिरावण्यासाठी ५ सेकंद, लांब दुर्बिणीला १०. प्रयत्नांची संख्या ५ पुरे, त्यानंतर क्रम थांबून कळवेल असं करा. चक्र सुरू असताना गाइडिंग थांबलेलं आहे ना, हे नक्की करा. नाहीतर माउंट स्ल्यू करतंय आणि गाइडिंग त्याला मागे ओढतंय असं होतं.

चक्रातले आकडेही बोलतात. ४० कला, मग २, मग अर्धी: निरोगी. २१, २१, २१: निर्देशांकांच्या चौकटीचा गोंधळ किंवा नाकारलेलं सिंक. ३, २, ३, २: बॅकलॅश किंवा ताणलेली वायर. ५, १०, २०: दुरुस्ती उलट्या दिशेने जातेय. गोलार्ध आणि पिअरची बाजू तपासा.

मेरिडियन फ्लिपनंतर पुन्हा सॉल्व्ह आणि सिंक अनिवार्य ठेवा, कारण कोन एररची दिशा उलटलेली असते आणि फ्लिपच्या आधीचं सिंक आता चुकीचं असतं. फ्लिप याम्योत्तर ओलांडल्यावर ५-१० मिनिटांनी करा. अगदी रेषेवर असताना काही माउंटांना कोणत्या बाजूला जायचं हेच ठरवता येत नाही.

आणि रात्र संपताना, पार्क करण्याआधी, दिसत असतील तर सुरुवातीच्या लक्ष्यांपैकी एकाकडे पुन्हा जा. अर्थात ते पश्चिमेला उतरलेलं असेल. ते खूप खाली गेलं असेल तर पहाटेच्या आकाशातलं, मध्यरात्री गाठलेलं एखादं लक्ष्य घ्या. सिंक न करता सॉल्व्ह करा आणि आकडा वहीत पहिल्या आकड्याशेजारी लिहा, पिअरच्या बाजूसकट. पुढच्या रात्री माउंट काही वेगळं वागायला लागलं, तर सगळ्यात आधी तीच जोडी उघडून बघायची आहे.